वाळकातला ळ

नव्या मोंढ्यात, खताच्या दुकानावर, पत्र्याखाली
माझा कॉम्प्युटर आणि मी.
बियाणांची पाकिटं करते.
शेठ खालून ओरडतात, टमाटा मोठा कर.
अजून मोठा.
पाकिटाच्या भाईर आला पायजे टमाटा.
करते.

माझ्या फोनात एक फोल्डर आहे,
नाव ठेवलंय 'कामाचं नाही'.
त्यात रोलिंग मिलच्या गेटवरची 'धोका' पाटी,
धो गंजून गळालाय, नुसता 'का' उरलाय,
येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत.
त्यात ट्रकच्या फळीवरचा तीन पायांचा मोर.
कोरियन पोरांच्या अल्बमचं कव्हर,
असलं जांभळं, की आमच्या प्रिंटरला ताप येईल.
आणि अजिंठा, नववीची सहल:
सगळ्या पोरी चेहऱ्याचा फोटो घेत होत्या,
गाईडचा टॉर्च चुकून खाली घसरला
आणि मला एक वाकलेलं बोट दिसलं.
बाईंनी विचारलं, काय पाहिलंस?
मी म्हणलं, बोट.
वर्ग हसला.

मग वाळकाचं काम आलं.
वाळूक, गावरान, पन्नास ग्रॅम.
फाईल हैदराबादला गेली छापायला,
तिथल्या मशीनकडं ळ नव्हता.
जिथं अक्षर सापडत नाही
तिथं मशीन एक रिकामा चौकोन ठेवतं,
घर पाडल्यावर जोतं राहतं तसा.
दहा हजार पाकिटं. दहा हजार चौकोन.
शेठ चिडले असते तर बरं झालं असतं.
ते म्हणाले, जाऊ दे गं,
वाचतंय कोण? चित्र बघून घेतेत लोक.

त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ळ काढायला बसले.
कार्टूनमधल्या पोरीचे टपोरे डोळे घेतले,
ळ घाबरल्यासारखा दिसला.
स्कूटीची दोन चाकं घेतली,
ळ पळून जाईल असं वाटलं.
पप्पांचा चष्मा. जिलबी. कात्रीच्या मुठी.
एक्केचाळीस ळ झाले,
एकही 'वाळूक' म्हणेना.

रज्जाक पेंटर आता पोराच्या मोबाईल कव्हरच्या दुकानात
स्टुलावर बसून असतात.
निम्म्या जालन्याच्या पाट्या त्यांच्या हातच्या,
फ्लेक्सखाली झाकलेल्या.
हात थरथरतो. चहा बशीत कमी, काचेवर जास्त.
मी एक्केचाळीसही दाखवले.
"ये सब दो ल हैं, बेटा," ते म्हणाले,
"ळ दो नहीं होता. एकच है. वळता है."
आणि सांडलेल्या चहात बोट बुडवून
काचेवर, खालच्या सगळ्या चकचकीत हिरोंच्या डोक्यावर
एका दमात काढला.
तोंडानं ते 'वालूक' म्हणतात.
बोटानं ळ.
बोट जरा वाकलेलं होतं.
फोटो काढायच्या आत पोरानं फडकं मारलं.

तो आठवून काढलेला बेचाळिसावा
शेठला न सांगता पाकिटावर टाकला.
या वेळी अक्षराचंच चित्र करून पाठवलं,
म्हणजे मशीनला शोधायचं कामच नको.
शेठनी प्रूफ पाहिलं.
म्हणाले, वाळूक मोठं कर.

भादव्यात अंबडकडं निघाले होते, मावसभावाच्या गाडीवर.
कडेला एका रानात, काकरीच्या टोकाला
कुणीतरी काडी रोवलेली
आणि काडीला पाकीट खोचलेलं,
इथं काय पेरलंय ते ध्यानात राहावं म्हणून.
उन्हानं आधी गुलाबी खाल्ला होता, मग पिवळा.
माझं वाळूक निळंशार पडलेलं,
कुठल्या दुसऱ्याच ग्रहावरचं.
काळा तेवढा टिकला होता.
वेलाचा एक बारका ताणा पाकिटाच्या कोपऱ्याला
दोन वेढे घालून बसलेला.

गाडी थांबव म्हणलं.
फोटो काढला.
कुठल्या फोल्डरात ठेवायचा
ते अजून ठरलं नाही.