सीताखाईच्या अलीकडे

तोरणमाळला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते.
गेटपाशी निळी पाटी, चाकाच्या खुर्चीचं चित्र,
सिमेंटचा नवा पांढरा उतार,
बावीस पावलं (मोजली रुमाल्याने),
मग तीन पायऱ्या.

शहाद्याच्या शाळेत एकतीस वर्षं
फळ्यावर मी हाच दगड काढला,
लाव्हाचे थर, खडूने,
खुर्चीतून हात पोचेल तेवढ्याच उंचीचे.
ट्रॅप म्हणजे जिना, मुलांनो,
कुठल्याशा थंड देशातला शब्द.
दोन मार्कांना येतो.

"उचलू का, बाई?" रुमाल्या पावरा विचारतो.
नको रे.
उचललेल्या माणसाला दरी दिसत नाही,
उचलणाऱ्याचा घाम दिसतो.

तो गप्प. मग उतरतो करवंदीच्या जाळीत,
हात ओरबाडून वर येतो,
ओंजळभर काळा तुकडा मांडीवर ठेवतो.
जड. उन्हाने तापलेला. अंगभर भोकं.
एका भोकात मी करंगळी घालते.
इथून हवा निघून गेली
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी,
आणि जागा तशीच राहिली,
माझ्या करंगळीच्या मापाची.

खाईकडून वारा येतो.
फोटो काढून परतणारी माणसं
माझ्याजवळ आली की हळू बोलतात.

दगड होता तिथे ठेवायला लावते.
वनखात्याच्या वहीत, अभिप्रायाच्या रकान्यात लिहिते:
उतार बरा आहे. तीन पायऱ्या कमी पडला.
रुमाल्या वाचतो, पेन मागतो,
'तीन'खाली रेघ मारतो.