चारशे बारा

शिवयोगी सरांनी यादी मागितली सोमवारी,
एप्रिलचा सोमवार, पारा चव्वेचाळीसवर,
होटगी रोडच्या ऑफिसात एसी फक्त सरांच्या केबिनला.
म्हणाले, चेहरा शोध. सोलापूरला भूक लावणारा चेहरा.
आणि हो, बजेट लहान आहे.

मी भूक मोजायला बसले एक्सेलमध्ये.
रकाना अ : नाव. रकाना ब : फॉलोअर. रकाना क : एका रीलचे पैसे.
रकाना ड रिकामा ठेवला,
त्याला काय म्हणायचं ते तेव्हा सुचलं नव्हतं.

पहिला, काळा गॉगल लावून जेवणारा.
सीख कबाब कॅमेऱ्यापुढे धरतो, धूर नीट दिसेपर्यंत थांबतो,
घास तोंडात जायच्या आधीच डोळे मिटतो.
साठ हजार माणसं त्याच्या मागे.
मी उघडून बघितली ती माणसं :
पाटण्याची, जकार्ताची, कित्येकांना तर चेहराच नाही.
त्यांच्यातलं कोण विजापूर वेशीतून
रात्री साडेदहाला दालचा-खाना मागवणार होतं?

दुसरीचं स्वयंपाकघर इतकं पांढरं
की तिथे हळद सांडली तर गुन्हा ठरावा.
तिने शेंगाचटणीला कुरकुरीत म्हटलं.
तेल सुटेपर्यंत कुटलेल्या चटणीला, कुरकुरीत!
मी टॅब बंद केला.

मग सापडल्या विडी घरकुलातल्या राजेश्वरी गुंडेटी.
फॉलोअर चारशे बारा.
भाची व्हिडिओ काढते, तिचा अंगठा मधेच भिंगावर येतो.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हात विड्या वळत असतात
आणि बाई अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत सांगतात
अशोक चौकात आज कुणाचा वडा शिळ्या तेलातला,
कुणाच्या भातात खडा लागला,
कोण पावशेर सांगून दीडशे ग्रॅम बांधतो.
खाली रांगेने लिहिलेलं : खरंय अक्का. खरंय अक्का.
सगळे तीन किलोमीटरच्या आतले,
यंत्रमागाच्या रातपाळीचे, नर्सिंगच्या होस्टेलचे,
घरी पोचल्यावर गॅस पेटवायचंही त्राण नसलेले.

मी गेले. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, काय पायजे?
म्हटलं, अक्का, आमचं जेवण चांगलं आहे एवढंच म्हणा. तीन हजार देऊ.
तीन हजार म्हणजे किती दिवसांच्या विड्या,
हा हिशोब मी रिक्षातच केला होता.
त्यांनीही केला असणार, हात क्षणभर थांबले तेव्हा.
मग म्हणाल्या, "पाठव. पण माझं नाव नको सांगू.
कुणासाठी हाय ते कळलं की आचारी वेगळंच रांधतो."

गुरुवारचा व्हिडिओ असा :
"वांग्याचा रस्सा पिशवीत सांडला. भात गार.
कडक भाकरीचे चार तुकडे झालेत,
त्याला नाव ठेवत नाही, ती मोडूनच खायची असती.
आन पोरगं! मिसरूड आत्ता फुटलेलं, डोक्याला टोपी नाही,
उन्हानं तोंड तांबडंलाल. त्याला ताक दिलं मी.
कंपनीवाल्यांनो, आधी त्याला टोपी द्या."

सरांनी तो तीनदा पाहिला.
"ही बाई आपली जाहिरात करती का बदनामी बे?"
मला सांगता आलं नाही.
त्या रात्री घरकुलातून सदतीस ऑर्डरी आल्या,
अकरा जणांनी सूचनेच्या चौकटीत लिहिलं होतं,
पोराला आत पाठवा, ताक आहे.
नऊ जणांनी पैसे परत मागितले, तेही खरंच.

शनिवारी गॉगलवाल्याचं कोटेशन मंजूर झालं.
टोप्याही आल्या, चौदा, लाल, लोगो वाकडा छापलेला.
अक्कांच्या तीन हजारांचं पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.
रस्सा सांडायचा थांबला की घेऊन ये, म्हणतात.

रकाना ड ला अजून नाव नाही.
एकाच ओळीत मी तिथे लिहिलंय : ताक.
यादी फॉलोअरप्रमाणे लावली
की ती ओळ सगळ्यात खाली जाते.