सावकाश या

पत्ता विचारला तर ती म्हणाली,
गेल्या साली गवा मेला होता ना,
तिथून डावीकडे.
मग मला कळलं नसावं असं वाटून,
महिनाभर वास यायचा, तिथून.

केंद्राच्या पडद्यावर एवढंच उमटलं होतं:
सत्तरी. पुरुष. वय साठ. छाती.

दामियांवने तोंडातली लवंग गालात सरकवली.
बावीस वर्षं त्यानं या घाटात बस हाकली,
गवा कुठे मेला ते त्याला ठाऊक होतं.
वाळपईचे दिवे मागे पडले,
मग केरी,
मग नुसता काजू, उघड्या खिडकीतून,
आंबलेल्या बोंडांचा वास आणि कुठेतरी पेटलेली भट्टी.
ऑक्सिजनच्या नळकांड्याचा पट्टा सैल झालाय,
दर वळणाला ठण् करतं.
अर्ज दिलाय जानेवारीत.

छातीच्या मधोमध ठेव, मी फोनवर सांगत होते,
तळव्याची टाच. कोपर वाकवू नकोस.
दाब. अजून जोरात. मोडेल म्हणून घाबरू नकोस.
मोजत जा, मला ऐकू येऊ दे.

तिनं मोजलं.
पाढे म्हणतात तसं, हेल काढून,
मागे कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी देवाला हाका मारत होतं,
ती एकोणतीसला अडखळायची,
तीस म्हणायची,
पुन्हा एक.

अंजुण्याचं धरण खाली दिसलं, काळं, सपाट,
आणि नवव्या वळणावर आवाज तुटला.
फोन थरथरला. मी धावत उघडला:
कर्नाटकात आपले स्वागत आहे.

वरून बेळगावचे भाजीचे ट्रक उतरत होते,
कोबी, ढोबळी मिरची, उद्याच्या पणजीची.
आम्ही त्यांना दिवे मारले.
ते डोंगराला चिकटून उभे राहिले, एकामागून एक,
आणि दर क्लीनरनं हात दाखवून म्हटलं, जा.

माथ्यावर रेंज आली.
ती नव्हती. बाईचा आवाज होता, थकलेला, नीट.
बाय, आता सावकाश या.
वळणावर ट्रक असतात.

दामियांवनं ऐकलं. मी स्पीकरवर लावला होता.
त्यानं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोट लावलं,
आणि वेग तेवढाच ठेवला.

शेवटचा चढ पायी.
करवंदीच्या जाळीतून स्ट्रेचर आडवं नेता येत नाही,
उभं धरून नेलं, दारासारखं.
झोऱ्यांची चार घरं. म्हशी जाग्या.
नियम आहे म्हणून तारा लावल्या,
यंत्रातून कागद आला, त्यावर सरळ रेघ,
मी तो फाडला, घडी केली, वेळ लिहिली.
बाईनं तांब्याभर ताक पुढे केलं.
म्हणाली, एवढ्या लांबून आलात.

मुलगी खांबाला टेकून होती. भागी. नववीत आहे.
तळवे मांडीवर उताणे,
अंगठा अजून हलत होता.
तिनं विचारलं,
मी मोजलं ते बरोबर होतं?

मी खूप वेळा खोटं बोलले आहे.
गाडी चालू असताना, हात हातात धरून,
आलं हं हॉस्पिटल, हे काय आलंच.
त्या रात्री गरज पडली नाही.
बरोबर होतं, म्हटलं.
नवव्या वळणापर्यंत मी ऐकलं होतं.

परत येताना फॉर्म भरला.
विलंबाचे कारण: रहदारी, हवामान, पत्ता न सापडणे.
तिन्हींपैकी एकही नव्हतं.
चौथा रकाना नाही.
भाजीचे ट्रक आता आमच्या पुढे निघून जात होते,
आणि फोन म्हणाला, गोव्यात आपले स्वागत आहे.

माझी एक वही आहे, सीटखाली, तेलकट,
त्यात मी असे पत्ते लिहिते, पुढच्या पाळीसाठी.
तिच्यात लिहिलं:
झोऱ्यांची घरं. मेलेल्या गव्यापासून डावीकडे.
नवव्या वळणाला फोन जातो.
अर्धा किलोमीटर चढ, स्ट्रेचर उभं धरा.
मग दामियांवकडून पेन पुन्हा मागून घेतलं:
तिथे एक मुलगी आहे,
तिला मोजता येतं.