अंगठ्याएवढा सांधा

सुम्बाहून मालान आली तेव्हा
गाडीआधी तिचा श्वास ऐकू आला.
बोगद्यातून लोप्राकडे बाहेर पडताना
ते डावं वळण तिनं म्हणे
सीटवरून अर्धवट उठून घेतलं,
बोटीवर नांगराचा दोर ओढावा तसं.

"हात गेले माझे, श्योर्दुर.
मुलगा कोपनहेगनहून रोज सांगतो, विकून टाक.
एक्क्याऐंशी वर्षं काय थोडी झाली?"
किल्ली तिनं टेबलावर ठेवली,
परत उचलायची नसल्यासारखी.

मी काही बोललो नाही.
माझ्या धंद्यात आधी हवा बघतात.
पुढचे दोन्ही टायर जरा बसलेले. भरले.
स्टिअरिंग फिरवलं. तसंच.
तेल खुणेपर्यंत, लालसर, स्वच्छ.
पट्टा ताठ, पंपाची कुरकुर नाही.
म्हणजे मदतीला होते ते सगळे हजर
आणि तरी काम जड.
अशी घरंही आहेत या बेटावर.

गाडी जॅकवर चढवली, चाकं अधांतरी.
आता रस्त्यावर आळ घेता येईना.
टाय रॉड सोडवले, दोन्हीकडचे.
चाकं हातानं ढकलली तर
दार उघडावं तशी वळली, मुकाट.
वर स्टिअरिंग मात्र
हलकं, मग अडतं, हलकं, मग अडतं,
एका फेऱ्यात दोनदा,
नेमकं त्याच दोन जागी;
गप्पा रंगात असताना एखादा माणूस
ठरावीक दोन नावांवर गप्प होतो, तसं.

"वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ होतं का?"
मालान कॉफीत बघत राहिली.
"पूर्वी व्हायचं. हल्ली मलाच आणावं लागतं.
वाटलं, वयानं होत असेल."
"कुणाच्या?"
ती हसली नाही.

बॅटरी तोंडात धरून मी आत वाकलो.
पत्र्याच्या भिंतीपलीकडे,
जिथे कुणाचा हात सहज पोचत नाही,
दांड्याच्या मधोमध तो:
अंगठ्याएवढा सांधा,
सोळा हिवाळे समुद्र पिऊन
गंजानं केशरी झालेला.
एका बाजूला वाकायचा,
दुसऱ्या बाजूला अजिबात नाही.

तेल पाजलं असतं तर आठवडाभर ऐकला असता.
मग पुन्हा तेच, आणि कदाचित भर वळणात.
खोटं बरं करणं मला येतं, पण
ते वळण मला ठाऊक आहे;
तिथे कठड्याच्या पलीकडे फक्त मेंढ्या आणि हवा.

सुटा भाग गुरुवारच्या बोटीनं आला.
काढण्याआधी दांड्यावर पांढरी रेघ मारली,
नाहीतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं.
सीटबेल्टनं ते बांधून घातलं,
मोकळं फिरलं की आतली फीत तुटते.
बोल्ट निघेना. तापवला. निघेना.
आमच्या हेर्गेरनं शिवी दिली, तेव्हा निघाला.

मालानला सांगितलं: हात तुझे ठीक आहेत.
हे खोटं नव्हतं.
दोन वर्षं ती एका गंजाशी कुस्ती खेळत होती
आणि हरलेली नव्हती.

निघताना कोट घालू लागली तर
डावा हात बाहीत शिरताना
खांद्यापाशी थांबला.
जरा हलला, मग अडला.
मी बाही धरली. ती काही बोलली नाही,
मीही नाही. तो सांधा
माझ्या दुकानात मिळत नाही.

जुना मात्र तिनं मागून घेतला,
वर्तमानपत्रात गुंडाळला.
"कोपनहेगनला पोस्टानं पाठवते,"
एवढंच म्हणाली. चिठ्ठी नाही घालणार.

फाटकाशी तिनं स्टिअरिंग
दोन बोटांनी फिरवलं,
आणि सोडून दिलं.
ते आपलं आपण सरळ झालं.
ती मात्र तिथेच थांबली क्षणभर,
पुन्हा वळवलं, पुन्हा सोडलं,
मागे दुधाची गाडी हॉर्न वाजवत होती तरी.