तिसऱ्या गेटाजवळचं ग्राउंड

सरांच्या निरोपाचा हार मीच आणला,
शहापूरच्या फुलवाल्याशी घासाघीस करून.
प्राचार्य म्हणाले, चौतीस वर्षांची अखंड सेवा.
सर खुर्चीत बसले होते
राखीव खेळाडू बसतो तसे,
एक टाच वर, हाक आली की उठायला तयार.

रवळू हलगेकर.
कॅम्पातल्या मैदानावर जवानांचे चेंडू
गटारातून काढून देता देता
हॉकी शिकलेला पोरगा.
पहिली स्टिक कुणा सुभेदाराची, मोडलेली,
सरस लावून सुतळीनं आवळलेली.
ती अजून जिमखान्याच्या कपाटावर आहे.
वाळवीनं मूठ खाल्ली, सुतळी सोडली.

आम्ही मुली त्र्याण्णवला आलो,
सलवारीच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारून.
माझे पॅड त्यांनी खडेबाजारात
गाद्या शिवणाऱ्या मौलासाबकडून करून आणले,
आत सावरीचा कापूस.
भिजले की मला पाय उचलता यायचा नाही.
सर म्हणायचे, "बरं झालं की. गोलीनं हलायचंच कशाला?"

धारवाडशी मॅच असली की ते मराठीत ओरडायचे,
कोल्हापूरशी असली की कन्नडात: कोडु, कोडु, होडी!
गोव्याशी असली की दोन्हीत,
आणि आम्ही हरायचो.

ग्राउंडवरची पाटी तीनदा रंगवली गेली,
दरवेळी अक्षरं वेगळी.
सर तिच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर
पेनल्टी कॉर्नरचा नेम धरायला लावायचे.
एक नोव्हेंबरला निम्मी टीम काळ्या फिती लावून फेरीत,
निम्मी लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मिरवणुकीत.
दोन तारखेला पहाटे सहाला सगळे हजर,
दोन्हीकडचे पाय सारखेच सुजलेले.
"चालून आलासा न्हवं? आता पळा."

करंडक नाही आला.
एकदाच फायनल, शहाण्णवला, धारवाडात.
शेवटच्या मिनिटाला स्ट्रोक.
मी उजवीकडे झेपावले. चेंडू डावीकडून गेला,
इतका सावकाश, की त्याची शिवण मोजता आली असती.
परतताना बस कित्तूरला जेवायला थांबली.
मी खाली उतरलेच नाही,
पुढच्या सीटच्या पत्र्यावर कुणीतरी कोरलेलं
ईरव्वाचं नाव वाचत बसले.
सर रागावतील म्हणून वाट पाहिली
त्या रात्री, त्या आठवड्यात,
मग त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागले
तरी पाहतच होते.

आज कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.
आत चौतीस वह्या, लाल कापडी बांधणीच्या.
हजेरी, चुन्याची पोती,
कुणाच्या घोट्याला आंबेहळद, कुणाची फी राहिली.
नको नको म्हणत हात त्याच वर्षाच्या वहीवर गेला.

"फायनल. ० - १. स्ट्रोक.
गोलीच्या डोळ्यांवर ऊन होतं.
दुपारची मॅच मी मान्य करायला नको होती.
कित्तूरची खानावळ. जेवणं सोळा. जेवले चौदा."

पंधरा आम्ही, आणि सर.
त्यातली एक मला ठाऊक होती.

वही काखेत मारून बाहेर आले
तोवर सर रस्त्यापर्यंत पोचलेले,
हार सायकलच्या हँडलला अडकवलेला.
गेट पडलं होतं. मिरजेकडून मालगाडी,
संपता संपेना.
विचारायचं होतं ते मी डबे जाईपर्यंत
तोंडात धरून ठेवलं.
गाडी गेली, गेट वर झालं,
आणि त्यांनीच मागे वळून हाक दिली:
"ए गोली, जाळी भिजलीया बघ.
वाळत टाक. उंदरं खातील."