पाच नंबर

ग्रँड आयलंड, नेब्रास्का. बाहेर उणे एकोणीस.
शटर अर्धं वर केलं तेव्हा
ऑर्विल टीटके उभाच होता, ट्रक चालू ठेवून.
बंद केला तर पुन्हा चालू होईल
याची त्याला खात्री नव्हती.
ही तिसरी खेप.

धूर पांढरा, डोळ्यांना झोंबणारा,
म्हणजे कच्चं डिझेल, न जळताच बाहेर पडलेलं.
गोडसर वास असता तर म्हटलं असतं, पाणी आत शिरतंय.
निळा असता तर ऑइल.
धुराची ही बाराखडी मिरज डेपोत
मुलाणीमिस्त्रींनी गिरवून घेतली माझ्याकडून,
सायलेन्सरशी नाक न्यायला लावून.
इथे कुणी नाक नेत नाही. इथे लॅपटॉप आहे.

लॅपटॉप म्हणाला: सिलिंडर पाच.
एकेक सिलिंडर बंद करून पाहिला,
दर वेळी इंजिन लंगडलं, कण्हलं.
पाचला काहीच नाही.
घरातलं एखादं माणूस उठून जावं
आणि कुणाच्या लक्षातही येऊ नये, तसं.

पहिल्या खेपेला मी इंजेक्टर बदलला होता.
दुसऱ्या खेपेला वायरिंग,
आणि पुन्हा इंजेक्टर, कारण नवाही खराब निघू शकतो
असं मी त्याला सांगितलं. स्वतःलाही.
आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.
बिल मात्र म्हशीच्या मालकाला.

या वेळी आधी काही उघडलं नाही.
चहाच्या कपात पाणी घेतलं
आणि बोटाने मॅनिफोल्डवर एकेक थेंब सोडला.
चर्र. चर्र. चर्र. चर्र.
पाचव्यावर थेंब बसून राहिला,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा.
सहावा, चर्र.

मग पाच आणि दोनच्या इंजेक्टरची अदलाबदल केली.
दोन नंबर व्यवस्थित. पाच तसाच गार.
कॉम्प्रेशन सहाही ठिकाणी सारखं.
म्हणजे श्वास आहे, ताटात अन्न आहे,
मग घास भरवणारा हात कुठे आखडतोय?

व्हॉल्व्ह कव्हर काढलं, डायल गेज लावलं.
ऑर्विल पान्याने इंजिन हळूहळू फिरवत होता.
सुई चढायची, थांबायची, उतरायची.
पाचवर ती दोन मिलिमीटर आधीच वळली.
रॉकर बाजूला घेतला, टॉर्च मारला:
कॅमचा लोब झिजून सपाट झालेला,
वर देवीच्या व्रणांसारखे खड्डे.

“टिकटिक येत होती,” ऑर्विल म्हणाला.
“मक्याच्या कापणीपासून. मी रेडिओ मोठा करायचो.”

मी विचारलं नाही, मला का नाही सांगितलंस.
मीही त्याला कधी विचारलं नव्हतं, काय ऐकू येतं.
धूर बघितला, स्क्रीन बघितला
आणि चौदाशे डॉलर लावले.

मुलाणीमिस्त्री आधी ड्रायव्हरला बाकावर बसवायचे.
तंबाखूची डबी पुढे करायचे. म्हणायचे, हं, बोल.
मला वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय.

कॅमशाफ्ट यायला नऊ दिवस लागले, बसवायला तीन.
आज सकाळी सेल मारला.
धूर आला, भपकन, तोच पांढरा,
आणि ऑर्विल टोपी काढून उभा राहिला.
मग विरळ झाला. मग सायलेन्सरच्या तोंडाशी
नुसती हवा थरथरताना दिसली.
कपात पाणी होतंच.
पाचव्यावरचा थेंब त्याने स्वतः टाकला.

राहिलं बिल. दोन्ही इंजेक्टर मी वजा केले.
तो म्हणाला, एक ठेव.
मी म्हटलं, नाही.
तो म्हणाला, बरं, अर्धा.
बराच वेळ असंच चाललं,
दोघांच्या तोंडातून वाफा येत होत्या
आणि मागे ट्रक सहाही नंबरांवर चालू होता,
डिझेल जाळत, विनाकारण.