बारदान वजा जाता

मी मापाडी. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
एकतीस वर्षं दुसऱ्याच्या मालाकडे बघून
खरं तेवढंच बोललो.
गोणी काट्यावर, आकडा तोंडावर,
लिहिणारा मान खाली घालून लिहून घ्यायचा.

आता कोपरखैरण्यात, माझ्याच ओट्यावर
मोनालीने काटा आणून ठेवलाय,
बशीएवढा, पांढरा, सेलवर चालणारा.
त्यावर ती माझी भाकरी तोलते.

पहिल्या दिवशी हसलो.
मग पाहिलं, पोरगी रिकामी वाटी ठेवून
आधी शून्य करून घेते.
कोणी शिकवलं गं तुला धडा करायला?
"कसला धडा?" ती म्हणाली.

नंबियार बाईंनी ठरवून दिलंय :
दिवसाचे सोळाशे,
आणि आठवड्याला अर्ध्या किलोच्या वर उतरायचं नाही.
हे पटलं. घाईने भरलेला कांदा
चाळीत आतून जातो, वरून कळत नाही.

खायचं किती वेळा, यावर मात्र बाजार फुटलेला.
बाई म्हणतात चार वेळा, थोडं थोडं.
गाळ्यावरचे बाफना शेठ म्हणतात, दिवस मावळला की तोंड बंद.
मोनालीच्या फोनमधला मुलगा म्हणतो,
सोळा तास पाण्याशिवाय काही नको.
आमचे आप्पा दोनदाच जेवायचे,
पण दोनदा म्हणजे किती
ते वाढणारीलाच ठाऊक.

वहीत मांडलं तेव्हा कळलं,
मी अकरा वेळा खात होतो.
पहाटे चारचा चहा, दोन खाऱ्या.
गाडी खाली होईस्तोवर दुसरा चहा.
शेठने पुढे केलेली शेव, नाही कसं म्हणायचं.
हमालांच्या घोळक्यातला वडापाव,
तो तर कधी धरलाच नाही,
उभ्याने खाल्लेलं आपल्यात जेवण नसतं.
गोणीमागे पाव किलोची तूट पकडणारा मी,
आणि हे सगळं
नाकासमोरून गेलं.

हिला तो काटा खपत नाही.
"अन्न मोजू नये, बरकत जाते," म्हणते,
आणि भाजीत चमचाभर तेल जास्त सोडते,
माझ्याकडे पाठ करून.
पासंग मी पाठीवरूनही ओळखतो.
बोलत नाही. वहीत लिहितो :
इतर, चाळीस.

सात आठवडे झाले.
परवा बाजार उठल्यावर
मोठ्या काट्यावर चढलो.
"मापाडी, स्वतःचा आकडा स्वतः पुकारायचा नाही!"
कोलत्याने वाकून वाचला : नव्वद, आठशे.
चौऱ्याण्णवावरून. हिशोब जमतोय.
"बारदान वजा करा की!" कोणीतरी ओरडलं.
चपला काढल्या. किल्ल्या, चष्मा, खिशातली वही.
शर्ट-पँटचं धरलं अर्धा-पाऊण किलो.
पुढे काय काढावं सुचेना.
गोणीचं ठरलेलं असतं.
माणसाचं बारदान कुठे संपतं
आणि माल कुठून लागतो,
एवढ्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.
खाली उतरलो. चपला उलट्या पायात घातल्या
आणि तशाच गेटपर्यंत नेल्या.

रात्रीचे साडेनऊ.
शिल्लक एकशेदहा. भूक त्याच्या दुप्पट.
मोनाली ताक देते, आणि बरणी उघडून
माझ्या तळहातावर शेंगदाणे मोजते.
"एक."
एक नाही गं. मापातलं पहिलं एक नसतं.
लाभ म्हणायचं. मग दोन, तीन.
"का?"
माहीत नाही. माझ्याआधीचे तसंच म्हणायचे.

ती थांबली. दाणा परत उचलला,
परत ठेवला.
"लाभ," म्हणाली,
आतून हिने भांडं ठेवल्याचा आवाज थांबला.
दोन, तीन, चार,
पंधराला झाकण लागलं.

सोळावा मी मागितला.
तिने काट्याकडे पाहिलं.